कळसूबाईच्या पायथ्याशी, जिथं पाहुणा आपलं ताट आपण घासतो

कळसूबाईला जायचं ठरलं ते पितृपंधरवड्यात, आमच्या ओसरीवर, खीर वाढता वाढता. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची, थोरला लेक अडीच वर्षांचा. आता त्याच थोरल्याच्या मुली बूट घालून डोंगर चढायला जातात आणि मला विचारतात, आजी, तू कधी गेली होतीस का गं? गेले होते की. नऊवारीत गेले होते. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. फोनवर मराठी अक्षरं उमटतात आता, आणि माझी शाळा चौथीपर्यंतची असली तरी तेवढ्यात भागतं. ज्यांना जायचंय त्यांना वाट कळेल, ज्यांना गुडघ्यांमुळं जमायचं नाही त्यांनी माझ्यासारखं बसल्या जागी जाऊन यावं.

तर अरविंदभावजी जेवायला आले होते. हे माझ्या सासूबाईंच्या भावाचे चिरंजीव, पुण्याला कचेरीत नोकरीला. नोकरी आठवडाभर, आणि रविवार आला की कॉलेजातली पोरं जमवून डोंगर चढायचे. आमच्याकडं पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला, माणूस डोंगरावर जातो तो शेळी चुकली म्हणून. सुखासुखी कुणी चढतं हे ऐकून माझे सासरे ताटावर थांबलेच. "वर काय मिळतं?" त्यांनी विचारलं. भावजी म्हणाले, "वारा." सासरे म्हणाले, "तो हितंबी हाय."

भावजींचा बेत असा होता. नाताळच्या सुट्टीत पोरांच्या दोन तुकड्या कळसूबाईच्या पायथ्याला न्यायच्या, आठ-आठ दिवस. तंबू न लावता गावातल्याच घरात राहायचं, गावचंच अन्न खायचं, गावच्याच माणसानं वाट दाखवायची. सरकारी कागदात याला पर्यटन म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी ते एकदा गेले होते, पण माळावर राहुट्या ठोकून, गावात शिरलेच नव्हते. आता घर शोधायचं होतं, तेही नवरात्रात, यात्रेची गर्दी कशी असते ते बघून.

"पण आत्या," ते सासूबाईंना म्हणाले, "एकटा गडी सणाच्या दिवसात दारात उभा राहिला तर कोण घरात घेईल? तू चल. तू असलीस की दार उघडतं."

"म्हंजे मला दार उघडाया नेतोस व्हय रे?" सासूबाई म्हणाल्या. पण चेहरा खुलला होता. आदलं वर्ष दुष्काळाचं गेलेलं, यंदा पाऊस झाला होता, आणि देवीची ओटी भरायची त्यांच्या मनात होतीच. भाच्यावर त्यांचा जीव तर इतका, की त्याच्या ताटात तूप वाढताना त्यांना वाटीचा तळ दिसायचा नाही. त्या निघाल्या म्हणजे बोचकं उचलायला मी निघाले. माझी जाऊ म्हणाली, "जा तू. घटाचं पाणी, दिवा, तुझा पोरगा, समदं मी बघते. परत आलीस की माझ्या माहेराची पाळी." असा करार झाला आणि चौथ्या माळेला आम्ही तिघं सकाळच्या एसटीत बसलो.

आमच्याकडून आळेफाटा, तिथं गाडी बदलून संगमनेर, संगमनेरहून अकोले, अकोल्याहून राजूर. आता लोक आपल्या गाड्यांनी चार तासांत पोचतात. आम्हाला दिवस लागला, आणि तो दिवस मला अजून पुरतोय. चंदनापुरीच्या घाटात सासूबाईंनी पदर तोंडाला लावला तो संगमनेरलाच काढला. अकोल्याच्या पुढं मात्र त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "अगं सिंधू, हे बघ. आपलाच जिल्हा हाय का हा?" बांधावरनं पाणी वाहत होतं, कुणी अडवत नव्हतं. आमच्याकडं आडात पोहरा टाकला की आधी दगड वाजायचा. त्या पाण्याकडं बघताना मला आनंदही झाला आणि थोडा रागही आला, खरं सांगते. एकाच कलेक्टरच्या हाताखाली केवढा हा फरक. (नगर जिल्हा म्हणायचो, आता अहिल्यानगर म्हणतात. जिभेला अजून जुनंच येतं, सांभाळून घ्या.)

राजूरला उतरलो तेव्हा ऊन कलायचं होतं. राजूर म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांची बाजारपेठ. मीठ, तेल, विळे, कांबळी, सगळं तिथनंच. आणि पेढे. राजूरचे पेढे घ्या, अजूनही घ्या, पण येताना घ्या. आम्ही जाताना घेतले आणि उपास असून सासूबाईंनी दूधच आहे म्हणत तिथंच दोन खाल्ले. चहाच्या हॉटेलवाल्याला भावजींनी घराचं विचारलं. तो कपबशी पुसत म्हणाला, "बारीच्या अलीकडं वाडी हाय. तिथं चांगुणाचं घर बघा. घर झाक, हात मोकळा. पर बाई अटीची."

"कसली अट?"

"ती ज्याची त्याला कळती," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

बारीकडं जाणाऱ्या गाडीत निम्म्या कोंबड्या आणि निम्मी माणसं. सासूबाईंनी कंडक्टरला विचारलं, "दादा, कळसूबाईला उतरवशील ना बरोबर?" तो म्हणाला, "मावशी, म्या पायथ्याला उतरवतो. वर तुमचं तुमी." सगळी गाडी हसली, एक कोंबडीसुद्धा.

चांगुणाबाईचं घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढं लांबलचक पडवी. जमीन अशी सारवलेली की चप्पल काढून ठेवायलाही जागा शोधावी. पडवीत एका बाजूला दोन बैल, एका बाजूला आम्ही, मध्ये कमरेएवढी कुडाची आडभिंत. बैलांच्या श्वासाची ऊब येते, थंडीत बरं पडतं. घरात चांगुणाबाई, तिचा नवरा भिका, दोन बारकी लेकरं, आणि भिकाची आई गोदाआजी. आजी म्हणजे वाळल्या शेंगेसारखी, कमरेत वाकलेली, पण डोळे सगळीकडं. चांगुणा माझ्याच वयाची. मला लगेच आवडली. आम्ही एकमेकींच्या बांगड्या बघितल्या, लेकरं किती ते विचारलं, आणि झाली ओळख.

जेवण दिवस मावळायच्या आत. आम्हाला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाचं वरण आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. ही चटणी काळी दिसते म्हणून सोडू नका. सासूबाईंना उपास, म्हणून वरईचा भात. आता आमच्याकडं वरई म्हणजे भगर, वाण्याकडनं पुडीत आणायची, उपासापुरती, मोजून. इथं ती समोरच्या उतारावर पिकत होती. सासूबाई घास हातात घेऊन त्या उताराकडं बघत बसल्या.

"तुमी ही रोज खाता?" त्यांनी विचारलं.

"रोज," गोदाआजी म्हणाली. "आमचा बाराई महिनं उपास."

जेवणं झाली. आणि मी जे केलं ते कुठल्याही सुनेनं केलं असतं. परक्या घरी आठ माणसांचं रांधलंय, आपण बसून कसं राहायचं? चांगुणा बैलांना वैरण टाकायला गेली तेवढ्यात मी सगळ्यांची ताटं गोळा केली, जर्मनची म्हणजे अॅल्युमिनियमची ताटं होती, मागच्या दारी दगडावर बसले, राख घेतली आणि लख्ख घासली. वर अंगणही झाडून काढलं. मग ताटं घेऊन आत आले, अशी, जसं काही बक्षीस मिळणार आहे.

चांगुणा दारातच थबकली. गोदाआजी म्हणाली, "कुनी घासली?"

"मी."

"समद्यांची?"

"हो. त्यात काय एवढं?"

आजी उठली. वाकून वरईच्या भांड्यातनं चिमूटभर शितं घेतली, एकेका ताटावर एकेक शीत ठेवलं आणि ज्याचं ताट त्याच्यापुढं सरकवलं. माझ्यापुढं माझं, सासूबाईंपुढं त्यांचं, भावजींपुढं त्यांचं. "आता ज्याचं त्यानं," ती म्हणाली.

भावजी मोठ्यानं हसले. त्यांचं हसणं तसंच होतं, घर भरून. "आजी, मी पाहुणा आहे."

"म्हनून तर. घरच्याला सांगावं लागत न्हाई."

भिकानं आपलं ताट उचललं आणि मागं गेला. चांगुणा गेली. मीही गेले, उगीच एका शितासाठी सगळं ताट पुन्हा घासलं. परत येऊन सासूबाईंच्या ताटाला हात घातला तर आजीचा हात मध्ये. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं असं बघितलं की जणू हा घाट मीच घातलाय. मग म्हणाल्या, "माझा उपास हाय. उपासाला ताट घासत न्हाईत." असा नियम मी आधीही ऐकला नव्हता आणि नंतरही. भावजींनी आपलं ताट पडवीच्या कठड्यावर ठेवलं आणि विडी पेटवली.

मग चांगुणानं अट सांगितली. कळसूबाई म्हणजे देवी झाली ती नंतर, आधी ती कळसू नावाची कोळ्याची पोर. एका पाटलाच्या घरी कामाला राहिली. सगळं काम करीन, पण दुसऱ्याचं उष्टं घासणार नाही आणि केर काढणार नाही, असं बोलून राहिली. बरेच दिवस पाळलं त्यांनी. एकदा घरात पाहुणे फार झाले आणि कुणीतरी तिला म्हणालं, एवढी भांडी टाक घासून. तिनं घासली. केर काढला. आणि कुणाला न सांगता डोंगर चढून गेली ती परत आली नाही. "आमच्या वाडीत म्हनून पाव्हन्याला समदं मिळतं," चांगुणा म्हणाली. "जेवान, जागा, वाट दावू, वझं उचलू. पर त्याचं ताट त्यानं घासायचं आन त्याचा केर त्यानं न्यायचा."

भावजींना आता हसू येईना. त्यांनी तिला बेत सांगितला, नाताळच्या दोन तुकड्यांचा. "घर मला फार आवडलं, चांगुणाबाई. पण चांगल्या घरची पोरं आहेत. पैसे देऊन राहायचं आणि वर भांडी घासायची, त्यांचे वडील मला काय म्हणतील? खाली रस्त्यालगत एक जण सगळं करून द्यायला तयार आहे. ही एवढी अट सोडा."

"न्हाई सुटायची, दादा."

"मग पोरं तिकडं उतरतील."

"उतरू द्या," ती म्हणाली. पण ताटं फडताळात ठेवताना तिचा हात चुकला आणि एक ताट खाली पडलं. किती तरी वेळ ते ताट गरगरत राहिलं, कुणी उचलेना.

सकाळी चुलीपाशी तिनं मला सांगितलं. भात काढून झाला, दिवाळी झाली की ती, भिका आणि लेकरं देशावर जातात, म्हणजे आमच्या बाजूला, कांद्याच्या लागणीला, काढणीला. परत येतात होळीला. चार महिने. गोदाआजीला तेवढं चालवत नाही, तर ती एकटी मागं राहते. "गेल्या सालाला आमी परत आलो," चांगुणा म्हणाली, "तर म्हातारी कोरडं पीठ चाटून ऱ्हायलेली. पान्याला जाताना पाय घसारला हुता. पंधरा दीस कुनाला कळलंच न्हाई. शेजारपाजारबी देशावरच ना." तुकड्या आल्या, आणि सोळा दिवस जेवणावळ चालली, तर निदान तिला आणि लेकरांना घरी राहता येणार होतं. आजी एकटी पडणार नव्हती.

"मग सोड की गं अट," मी म्हटलं. "मी येऊन घासते हवं तर."

ती हसली. म्हणाली, "चल, झऱ्यावर. वर जायच्या आधी पानी भरून घेऊ."

बाहेर कठड्यावर भावजींचं ताट तसंच. त्यातलं शीत कावळ्यानं नेलं होतं. आजीनं तिथं दुसरं ठेवलं होतं.

झरा वाडीच्या वर, माळाच्या कडेला, दोन खडकांच्या बेचक्यात. पाणी असं स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत. आम्ही चौघं गेलो, चांगुणा, मी, सासूबाई आणि मागनं भावजी. त्या खडकावर एका बाजूला मोठा काळा डाग होता. तेलकट. मी विचारलं, हे काय?

"गेल्या सालचं," चांगुणा म्हणाली. "आमी देशावर असताना पुन्याची पोरं आल्ती. ह्या माळावर राहुट्या ठोकल्या. खिचडी लागली त्यांची, ह्यो मोठा टोप. भांड्याला गडी लावला हुता खालचा. त्यानं काय केलं, जळालेला समदा खरवड झऱ्यात वतला, टोपबी हितंच घासला सोड्यानं. त्याचं काय जातंय, त्याला थोडंच हे पानी प्यायचंय? आदीच दुष्काळ. करंगळीएवढी धार. आठ दीस पान्याला वास. म्हातारीला त्याच्यामुळं खालच्या वढ्यावर जावं लागलं, आन तिथं पडली ती."

ती रागानं बोलत नव्हती, सांगत होती. वाकून पाणी भरत होती. "ज्याचं त्यानं घासलं ना ताई, तर एक तांब्या पानी लागतं. आन जो आपलं घासतो तो ताटात टाकतबी न्हाई. दुसऱ्याला लावलं की माणूस बघतच न्हाई कुटं काय गेलं ते. कळसू उगाच न्हाई गेली."

मी मागं वळून बघितलं. भावजी झऱ्याकडं पाठ करून उभे होते.

चढण कशी आहे ते सांगते, जाणाऱ्यांसाठी. सकाळी लवकर निघा. पहिला तास शेतातनं, खुरासणीची पिवळी फुलं कमरेपर्यंत. मग खडक. आता शिड्या झाल्यात म्हणे, रेलिंगबिलिंग. तेव्हा साखळ्या धरून चढायचं, आणि खाली बघायचं नाही. सासूबाई अनवाणी, ओटी डोक्यावर, दर वळणाला "आई कळसू, गुडघं तुझ्या हवाली" म्हणायच्या आणि बसायच्या. तरी माझ्या पुढं होत्या. यात्रेची माणसं दोन्हीकडनं, नाशिकच्या बाजूनंही. एक म्हातारा खाली येत होता, सासूबाईंनी विचारलं, अजून किती? तो म्हणाला, "हे काय, आलंच." तासाभरानं दुसऱ्यानंही तेच सांगितलं.

वर देऊळ एवढंसं, आत दोन-तीन माणसं मावतात. सासूबाईंनी ओटी भरली, हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर वारा असा की पदर धरू का स्वतःला धरू. भंडारदऱ्याचं धरण खाली आरशासारखं, आणि डोंगर एकामागं एक, संपेचनात. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही, भावजींनी आधी सांगितलं होतं. पण वर आल्यावर ते काहीच सांगेनात. ज्या माणसाला प्रत्येक सुळक्याचं नाव पाठ, तो पायापाशीचे खडे उचलत बसला. सासूबाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. मी शेजारीच नारळ फोडत होते.

"अरविंदा," त्या म्हणाल्या, "ती पोरं तुजी हुती ना?"

भावजींनी मान हलवली. मग म्हणाले, "साफसफाईचे पैसे दिले होते आत्या. त्या गड्याला. वेगळे दिले होते."

"मग झाली का साफसफाई?"

"आम्ही दुपारीच निघून गेलो."

सासूबाईंनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. लाडका भाचा, पण डोक्यावरनं हात फिरवला नाही. एवढंच म्हणाल्या, "गुमान खा. उतरायचं हाय."

उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला ते वेगळंच. पायांत गोळे असे आले की पुढं चार दिवस मी जात्यावर बसताना देवाचं नाव घ्यायची. तुम्ही जाल तर काठी घ्या. उतरताना काठी म्हणजे तिसरा पाय.

संध्याकाळचं जेवण झालं. कालच्यासारखीच सगळी पडवीत. भावजी उठले, कठड्यावरचं कालचं ताट घेतलं, आजचं घेतलं, आणि मागच्या दारी गेले. आम्ही बायका दारातनं बघत होतो. माणूस चाळिशीला आलेला, पण त्याला राख किती घ्यायची कळेना. चिखल केला नुसता. गोदाआजी जाऊन समोर दगडावर बसली.

"पेंढ्याचा बोळा घे. हातानं काय गोंजारतोस?"

घासून त्यांनी ताट पुढं केलं. आजीनं ते उन्हाकडं धरून बघितलं आणि परत दिलं. "कडंला राख हाय." दुसऱ्यांदा परत दिलं. "मागल्या अंगाला कोन घासायचं, तुजी बायको?" तिसऱ्यांदा ठेवून घेतलं. पाणी एक तांब्याच वापरायचं होतं, त्यांना दीड लागला, तर त्यावरही ऐकावं लागलं.

आणि मग सासूबाई उठल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ताट घासलेलं मी पाहिलं नव्हतं. पदर खोचला, आपलं ताट घेतलं, भाच्याच्या शेजारी दगडावर बसल्या. म्हणाल्या, "सरक." एका दमात असं घासलं की आजी उन्हाकडं धरायचंही विसरली.

भावजींनी चांगुणाला सांगितलं ते सकाळी, निघताना. मी बोचकं बांधत होते. ते म्हणाले, "चांगुणाबाई, गेल्या वर्षी माळावर होतो ते आम्हीच. तुमचा झरा आमच्यामुळं नासला. आजी पडल्या त्याही."

"म्हाईत हाय," चांगुणा म्हणाली.

"कधी कळलं?"

"परवाच. तुमी हसला तवा म्हातारीनं वळाखलं. त्या टायमालाबी असंच हसत हुता, हितवर आइकू यायचं."

 म्हणजे माहीत असून तिनं आम्हाला रात्री पडवीत झोपू दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी वाढली. आणि माहीत असून, तुकड्या जातील हे दिसत असूनही, अट धरून बसली. भावजींनी एवढंच विचारलं, "मग पोरांना आणू का?"

"ताटं घासनार का?"

"घासतील. जो घासणार नाही तो येणार नाही."

"मग आना की. आन तुमीबी या. तुमचं अजून कच्चं हाय."

परतीच्या वाटेला राजूरला पुन्हा पेढे घेतले, घरी पोचले ते निम्मे. सहाव्या माळेला ओसरीवर पाय ठेवला तेव्हा घटातलं धान वीतभर आलं होतं, आणि थोरला जावेच्या कडेवरनं माझ्याकडं यायला तयार नव्हता. जावेला मी वचनाप्रमाणं माहेरी पाठवलं आणि तिच्या वाटची भांडी महिनाभर घासली. सासूबाईंनी आपलं ताट पाच-सहा दिवस घासलं, मग सासरे काय काय बोलायला लागले तसं सोडलं. उगाच मोठेपणा कशाला सांगू. घरं अशी एका यात्रेत बदलत नाहीत.

मात्र एक चांगलं झालं, ते शेवटी सांगते. आता तुम्ही भंडारदऱ्याला गेलात तर तंबू, हॉटेलं, गाड्यांच्या रांगा, सगळं दिसेल. पोटापाण्याला लागलीत माणसं, त्याचा आनंदच आहे. तरी जिथं उतराल तिथं पाणी कुठनं येतं ते एकदा बघून या, आणि भांडी घासलेलं पाणी कुठं जातं तेही. बघायला पैसे पडत नाहीत. नुसता डोंगर बघून आलं की मला वाटतं अर्धंच बघितलं.

संक्रांतीच्या आसपास भावजींचं पत्र आलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, मी चुलीपाशी बसून वाचून दाखवलं. दोन्ही तुकड्या जाऊन आल्या होत्या. दोन पोरं अट ऐकून पहिल्याच दिवशी रागानं परत फिरली, बाकीची राहिली. भिका महिनाभर एकटाच कांद्याला जाऊन आला, चांगुणा आणि लेकरं घरीच होती. शेजारच्या दोन घरांनीही पडव्या सारवून ठेवल्या होत्या, त्याच अटीवर. गोदाआजी रोज संध्याकाळी दगडावर बसून वीस-बावीस ताटं उन्हाकडं धरायची आणि निम्मी परत पाठवायची, असं लिहिलं होतं. पोरं तिला घाबरायची आणि तिच्याशिवाय जेवायला बसायची नाहीत.

मी पत्र घडी करायला लागले तर सासूबाईंनी हात धरला.

"ते पुन्यांदा वाच."

"कुठलं, आई? ताटांचं?"

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "म्हातारीशिवाय जेवाया बसायची न्हाईत, ते."